वाघ नव्हता, तडस होता

७ ऑक्टोबर १९५६, रविवार. खैरटोला

भात पुन्हा खाली लागला. वर कच्चा, खाली कोळसा आणि मधे दोन बोटं लगदा. तो लगदा खाल्ला. खाताना किळस आली, तरी खाल्ला, कारण घरात दुसरं काही नव्हतं. वांग्याच्या भाजीत तिखट टाकायला विसरलो होतो, ते ताटात वरून टाकलं आणि असा ठसका लागला की डोळ्यांतून धारा लागल्या. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या सुगंधाबाई कुडावरून डोकावल्या.

"रडू नोका जी मास्तर. गेलेली बाई रडून येत नाई."

मी सांगितलं, मी रडत नाही, तिखट गेलंय. त्या मान हलवत निघून गेल्या. उद्या सकाळपर्यंत साऱ्या टोल्यात होईल की मास्तर चुलीपाशी बसून रडून राह्यला. म्हणूनच ही वही सुरू करतो आहे. या गावात माझ्याबद्दल जे बोललं जातं त्यात धड एक गोष्ट बरोबर नसते. निदान एका ठिकाणी तरी खरं लिहिलेलं असावं.

तर खरं असं. ज्येष्ठात माझी आणि चंदाची काडीमोड झाली. आम्हा कुणब्यांत त्याला वकील लागत नाही. पंच बसले, धानाच्या तणसाची एक काडी दिली, एक टोक तिनं धरलं, एक मी, आणि मोडली. लोक सांगतात कडकन मोडली. साफ खोटं. काडी दमट होती, तीनदा वाकवावी लागली. मूलबाळ नव्हतं, भांडायला जमीन नव्हती. दहा वर्षांचा संसार तासाभरात आटोपला आणि पंच चहा पिऊन घरी गेले. चंदा भावाकडे सिंदेवाहीला राहते आणि भाताच्या फार्मावर रोजीनं जाते. खुशाल जावो.

कारण विचाराल तर एक तडस. त्याबद्दल आज लिहीत नाही, डोकं फिरतं.

९ ऑक्टोबर, मंगळवार

सुगंधाबाई अंबाडीची भाजी घेऊन आल्या. भाजीत खडे होते. मी दोन खडे काढून पाटीवर ठेवले आणि त्यांना दाखवले. त्यांनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं, मग म्हणाल्या, "मास्तर, तुमच्यासाठी एक बाई पाह्यली मी."

ब्रह्मपुरीकडची आहे. गिरजा नाव. तिचीही काडीमोड झालेली, दोन वर्षं झाली. भाऊ इसरू याच्याकडे राहते, शिवणकाम करते, चौथी पास आहे. "मंडईले येतीन दोघं भाऊबहीण. तुमाले पाहून घेतीन. पसंत पडलं तर पाट लावून टाकू." दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. आमची यंदा आठ नोव्हेंबरला आहे. म्हणजे बरोबर तीस दिवस.

मी विचार करून सांगतो म्हणालो. विचार काय करायचा होता? संध्याकाळी शाळेतून आलो की या घरात बोलायला दोन पाली आहेत, आणि त्याही माझं ऐकत नाहीत. चाळीस पुरी व्हायला आली. मला पुन्हा माणसात राहायचं आहे. हे मी तोंडानं कोणाला सांगणार नाही, वहीत लिहायला हरकत नाही. आता या वेळी चूक होता कामा नये.

१४ ऑक्टोबर, दसरा

आज सोनं द्यायला गावात निघालो. गुणवंतरावांच्या वाडीतून ढोलकी ऐकू आली आणि पाठोपाठ माझाच आवाज. मी चक्रावलो. मी तर रस्त्यावर होतो.

कुंपणातून पाहिलं. लटारू, जो वर्षभर गुरं हाकतो, त्यानं डोळ्यांवर तारेचा चष्मा चढवलेला, बगलेत छत्री, आणि माझ्यासारखा मान वाकडी करून बोलून राह्यला होता: "चंदे, आजच्या भाजीले दहापैकी दोन मार्क." समोर चंदा म्हणून वारलू ढिवर. लुगडं नेसलेला, आणि पदराखाली ही भली मोठी मिशी. तळ्यातल्या मासळीचा वास कुंपणापर्यंत येत होता.

म्हणजे यंदाच्या दंडारीत, मंडईला होणाऱ्या गावच्या नाटकात, माझ्या काडीमोडीचं सोंग आहे. मंडईच्या दिवशी, भर दुपारी, गावाबाहेर आखराच्या मैदानावर, चार गावांच्या माणसांसमोर. आणि त्या माणसांत बसणार गिरजाबाई आणि त्यांचा भाऊ.

सोनं कोणालाच दिलं नाही. आपट्याची पानं खिशात चुरगळून घरी आलो.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

गुणवंतराव दंडारीचे मुखिया. त्यांच्याकडे गेलो आणि स्पष्ट सांगितलं, हे सोंग बंद करा. ते तंबाखू मळत होते, मळतच राहिले.

"दंडारीत गावाचं सोंग येतेच जी मास्तर. मागच्या साली माह्या आंधळ्या बैलाचं आलं. मी काही बोललो काय?"

"बैलाची गोष्ट वेगळी."

"कशी वेगळी? मीनं बी बैल नीट पाह्यला नोता अन् तुमीनं बी..." पुढे ते बोलले नाहीत, तंबाखू तोंडात टाकली.

मी म्हटलं, सोंगच करायचं तर निदान खरं करा. दोन मार्क हे धादांत खोटं आहे. दहा वर्षांत मी चंदाच्या भाजीला साडेतीनाच्या खाली कधी गेलो नाही, आणि तेही एकदाच, करडीच्या भाजीला, कारण ती खरोखर कडू होती. सरासरी साडेपाच पडते. आणि मी मार्क ओरडून देत नसे. शांतपणे हात धुतल्यावर देत असे, आणि सोबत सुधारणेच्या दोन सूचना.

लटारू आणि तालमीसाठी लुगडं नेसलेला वारलू जवळच बसले होते. दोघं एकमेकांकडे पाहत होते. लटारू म्हणाला, "रोज जी?"

"रोज. सणावारी नाही."

"अन् हात धुतल्यावर. मंजे पोटभर खाऊन?"

"मग न खाता मार्क कसे देणार?"

वारलूनं तोंडावर पदर घेतला. त्याला खोकला लागला असावा. गुणवंतरावांनी डोळे पुसले, तंबाखू कडक निघाली म्हणाले. मग म्हणाले, "मास्तर, तुमच्या तोंडून आयकलं तर लयच मजा... मंजे लयच खरं वाटते. तुमीच काऊन नाई बसत बांबूच्या तट्टीमागं? वही धरून सांगत जा, कोन काय बोलला ते."

घरी येताना मी विचार केला. हे लोक सोंग करणारच. मग चुकीचं होऊ देण्यापेक्षा बरोबर झालेलं काय वाईट? गिरजाबाईंना दिसेल की माणूस शिस्तीचा आहे, टापटिपीचा आहे, आणि भांडणात एकदाही हात उचलला नाही. खरं पाहिलं की कोणीही शहाणं माणूस माझ्याच बाजूनं बोलेल. उद्यापासून तालमीला जातो.

२१ ऑक्टोबर, रविवार

पाच दिवस तालीम झाली. या लोकांसोबत बसणं म्हणजे शिक्षा आहे. ढोलकीवाला विडी ओढून माझ्याच अंगावर धूर सोडतो. वारलूला मिशी काढ म्हटलं तर म्हणतो, "मिशी काढली तर बायको घरात घेनार नाई. मंग माह्यीबी काडीमोड, अन् पुढच्या साली माह्यंच सोंग." सगळे हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

पण एक सांगतो, सोंग आता जागेवर आलं आहे. मी बऱ्याच चुका काढल्या. पाण्याची घागर डावीकडे ठेवावी की उजवीकडे यावरून मी चंदाला जेवताना उठवलं होतं, हे त्यांना माहीतच नव्हतं. तो प्रवेश नवा घातला. तिच्या माहेरचा माणूस आला की तिच्या गोष्टी मधेच थांबवून मी तारीख-वार दुरुस्त करून देत असे, तेही घातलं. मी जे जे सांगतो ते लटारू लगेच पाठ करतो. गुरांमागे वाया गेलेलं पोर आहे, शाळेत बसवला असता तर शिकला असता.

आज तडसापाशी आलो. यांनी तिथं वाघच घातला होता. मी तालीम थांबवली.

खरं असं झालं. वैशाखात चंदाच्या भाचीचं लग्न होतं. मांडवात पन्नासेक बायका. चंदा सांगत होती की पहाटे तळ्यावर ती एकटी गेली होती आणि वाघ पाण्यावर आला, तिच्याकडे पाहून उभा राहिला, आणि ती घागर धरून जागच्या जागी देवाचं नाव घेत राहिली. बायका श्वास रोखून ऐकत होत्या. ती इतका वेळ सलग बोललेली मी कधी पाहिली नव्हती. मी पुरुषांच्या पंगतीतून उठून तिथं गेलो आणि सांगितलं की पाऊलखुणा मी स्वतः पाहिल्या आहेत, वाघ नव्हता, तडस होता. तडस माणसाला काही करत नाही.

बायका हसल्या. चंदा उठून भांडी उचलायला गेली. घरी येईपर्यंत बोलली नाही, पुढे महिनाभर बोलली नाही, आणि एक दिवस म्हणाली, "मले जायचं हाय." आता मला सांगा, एका तडसापायी कोणी संसार मोडतं का?

मी हे सांगितलं तेव्हा कोणी हसलं नाही. गुणवंतराव म्हणाले, "तडसच ठेवू, मास्तर." आणि तालीम लवकर सोडली.

१ नोव्हेंबर, गुरुवार

आजपासून आम्ही मुंबई राज्यात. काल रात्री मध्यप्रदेशात निजलो, सकाळी मुंबईत उठलो. म्हणजे सरकारचीही काडीमोड झाली आणि सरकारचा लगेच पाटही लागला. त्याला कोणी सोंग म्हणत नाही. गोड वाटलं असतं, पण शाळेवरच्या पाटीवर जुनं राज्य लिहिलेलं आहे आणि ते कोणी पुसावं याचा हुकूम अजून आलेला नाही. मी माझ्या हातानं खडूनं दुरुस्त केलं.

घर सारवायला सुगंधाबाईंनी एक बाई पाठवली. तिनं चुलीमागून दोन मेलेली झुरळं आणि सहा महिन्यांची काजळी काढली. मला वाटत होतं मी स्वच्छ राहतो. लाज वाटली, पण बोललो नाही. उलट, कोपरा राहिला म्हणून दाखवला.

६ नोव्हेंबर, मंगळवार

परवा मंडई. धोतर धुतलं, नीळ जास्त पडली. आता ते आभाळी रंगाचं दिसतं. आभाळी धोतर नेसून बायको पाहायला निघालेला माणूस या जिल्ह्यात मीच. आरशात पाहिलं आणि आरसा पालथा घातला.

८ नोव्हेंबर, गुरुवार. मंडई

लिहवत नाही, पण लिहितो.

आखरावर माणूस मावत नव्हता. भजी, रेवड्या, बांगड्यांची दुकानं. धूळ नाकातोंडात. गिरजाबाई आणि इसरूभाऊ सुगंधाबाईंजवळ पुढेच बसलेले. ठेंगणी, सावळी, पाठ ताठ. मी तट्टीच्या फटीतून पाहिलं. मग बायकांच्या गर्दीत मागे चंदाही दिसली. फार्मावरच्या दोन बायकांसोबत आली होती. अंगानं भरली आहे. हिरवं लुगडं होतं. मी ते कधी आणलेलं नाही.

सोंग सुरू झालं. लटारू छत्री घेऊन आला तेव्हापासूनच हशा सुरू झाला. मार्कांवर तर माणसं लोळायची बाकी राहिली. माझा प्रत्येक शब्द बरोबर आला, एकही चूक नाही, आणि प्रत्येक बरोबर शब्दावर लोक हसत होते. घागरीच्या प्रवेशाला कोणीतरी ओरडलं, "मास्तरले दहापैकी शून्य." मी वही धरून बसलो होतो. हे हसणं कशाला, ते मला उमगत नव्हतं. चुकीचं असतं तर समजलं असतं. हे तर सारं खरं होतं, मीच सांगितलेलं.

तडसावर कोणी हसलं नाही. नुसती ढोलकी थांबली. मी फटीतून पाहिलं, गिरजाबाईंनी हसता हसता तोंड मिटलं होतं. चंदा आधीपासूनच हसत नव्हती. कामानं थकली असेल.

मग काडी. लटारूनं एक टोक धरलं, वारलूनं एक. मोडली. वारलू पाठ फिरवून चालू लागला. मिशीवर पदर, डोळे खाली. इथं लटारूचं बोलणं नव्हतं. मी वहीत तसं लिहून दिलं होतं: मास्तर काही बोलत नाही. पण लटारूनं छत्री टाकली, चष्मा काढला आणि म्हणाला,

"थांब वो चंदे. वाघच होता तो."

म्हाताऱ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. वारलू थांबला. आणि मी तट्टीमागून ताडकन उठलो. मला कोणी उठवलं नाही, कोणी विचारलं नाही. मी तट्टी बाजूला सारून, आभाळी धोतरात, चार गावांसमोर उभा राहून ओरडलो,

"चूक. मी असं म्हणालो नव्हतो. मी काहीच म्हणालो नव्हतो. आणि वाघ नव्हता, तडस होता."

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग जे हसणं उठलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पोरंटोरं झाडावरून खाली पडायला आली. लटारू कपाळावर हात मारून खाली बसला. मला हे हसणारे चेहरे, पानानं लाल झालेली तोंडं, आणि मधे उभा मी, सगळ्याची ओकारी आली. गर्दीतून हिरवं लुगडं उठलं, माणसांतून वाट काढत गेलं, आणि दिसेनासं झालं. मागे वळून पाहिलं नाही. मीही हाक मारली नाही.

गुणवंतराव एवढंच बोलले, "मास्तर, एक डाव तरी चूक राहू द्याची जी."

९ नोव्हेंबर, शुक्रवार

इसरूभाऊंनी सकाळीच सुगंधाबाईंना सांगून टाकलं, जमणार नाही. दहाच्या मोटारीनं निघतो. सुगंधाबाईंनी मला ते कुडावरूनच ऐकवलं आणि अंबाडीच्या भाजीचं भांडं परत मागितलं. दिलं. घासलेलं नव्हतं.

नऊच्या सुमारास दारात गिरजाबाई उभ्या. हातात पिशवी. भाऊ रस्त्यावर मोटारीची वाट पाहत होता. मी उठून उभा राहिलो. बसा म्हणायचं राहून गेलं, त्या आपणच उंबऱ्याशी टेकल्या.

"एक इचारायचं हाय, मास्तर. काल तुमी बोलले ते खरं हाय? तुमीनं तिले थांब म्हनलंच नाई?"

"नाही."

"काऊन?"

"पंचांनी तो प्रश्न विचारलाच नाही. मान्य आहे का, असं विचारलं. मी मान्य म्हणालो."

मला वाटलं त्या हसतील. सगळ्यांनी हसून झालं होतं, आणखी एकानं काय फरक पडणार होता? पण त्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसल्या.

"माह्या मालकानंबी नाई म्हनलं," त्या म्हणाल्या. "काडी मोडली अन् मी निघाली. दारापासून रस्त्यापर्यंत लय दूर नाई. पन मी हळू चालली. लयच हळू. मले वाटलं, आता म्हनन, आता म्हनन. रस्ता आला."

मला चंदाची चाल दिसत होती. पंचांसमोरून ती गेली तेव्हा इतकी हळू गेली की मला वाटलं पायात काटा गेला असेल. कडुनिंबापाशी ती उभीच राहिली होती. मी पंचांना फारकतीच्या कागदावरची तारीख चुकल्याचं दाखवत होतो. तारीख खरंच चुकली होती. ती दुरुस्त करून घेतली आणि वर पाहिलं तेव्हा झाडाखाली कोणी नव्हतं.

हे मी आजवर कुठं लिहिलं नाही. या वहीतही नाही, दंडारीतही नाही.

रस्त्यावरून मोटारीचा भोंगा ऐकू आला. इसरूभाऊंनी हाक मारली, "गिरजे, चाल वो, मोटार आली." त्या उठल्या, लुगडं झटकलं. माझ्या अंगणात धूळ होती, ती त्यांच्या लुगड्याला लागली. "येतो जी मास्तर," म्हणाल्या आणि चालू लागल्या. भरभर चालल्या, मोटार गाठायची होती.

"थांबा," मी म्हणालो.

त्या वळल्या. "काऊन?"

कारण मला सांगता आलं नाही. कारण नसताना मी आजवर तोंड उघडलेलं नाही. नुसता उभा राहिलो, हातात चुलीची फुंकणी, आणि आत भात लागल्याचा वास येत होता. इसरूभाऊ पुन्हा ओरडले. गिरजाबाईंनी रस्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि भावाला सांगितलं, "तू पुढं हो. मी चारच्या मोटारीनं येतो." मग आत येऊन त्यांनी चुलीवरचं भांडं उतरवलं. भाताबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत.

चार वाजता त्या गेल्या. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. पौर्णिमेनंतर भावाशी बोलून कळवते म्हणाल्या. सुगंधाबाई म्हणतात, हे हो आहे. मला माहीत नाही.

मला आनंद व्हायला हवा. होत नाही. दुपारपासून स्वतःची शिसारी येऊन राह्यली आहे, आणि ती या घराची नाही, भाताची नाही, त्या हसणाऱ्या तोंडांचीही नाही. किती सोपा निघाला तो 'थांबा'. तो चंदाच्या वाट्याचा होता. ती झाडाखाली त्याच्यासाठीच उभी होती, आणि मी तो आज दुसऱ्याच बाईला दिला.